मदर मॅगवुड यांचा तवा

१

मॅगवुड घराण्याच्या बिडाच्या तव्याने चार पिढ्या पोसल्या, दोन महायुद्धं पाहिली, सव्हाना शहरावर आलेली सगळी वादळं अंगावर घेतली आणि एवढ्या काळात एकदाही साबणाचं तोंड पाहिलं नाही. साम्राज्यं बुडाली, हा तवा टिकला.

निदान कार्डावर तसं छापलेलं होतं. शुक्रवारी सकाळी कार्ड जागेवर होतं. तवा नव्हता.

कोरिंथिया मेबँकने आधी कार्ड उचलून त्याच्या मागे पाहिलं. दोन्ही हातांनी उचलावा लागणारा लांब दांड्याचा तवा पोस्टकार्डामागे लपत नाही हे तिला ठाऊक होतं, पण घाबरलेला माणूस आधी सोप्या जागा बघतो. मग तिने खिडकीतल्या लोखंडी घडवंचीखाली, टेबलाखाली, शेवटी कॅरिबियन स्वयंपाकाच्या पुस्तकांच्या कपाटाखालीही पाहिलं. काच फुटलेली नव्हती. पुढचं कुलूप तिनेच आत्ता आतून काढलं होतं. मागच्या गल्लीचं दारही ती आली तेव्हा बंद होतं. तिथून आत येताना मागच्या ओट्यावरची भांडी गेलेली दिसली आणि चला, एक व्याप कमी झाला, असं म्हणून ती खूश झाली होती. ती खुशी जेमतेम दहा पावलं टिकली.

'सेकंड प्लेट' हे तिचं दुकान. काळ्या माणसांच्या स्वयंपाकावर काळ्या माणसांनीच लिहिलेली पुस्तकं, एवढंच तिथे मिळायचं. पर्यटकांच्या बसमधून उतरलेली माणसं येऊन म्हणत, दक्षिणेकडच्या जेवणावरचं काहीतरी छान द्या, फक्त इतिहास नको. कोरिंथिया त्यांना सगळ्यांत सुंदर फोटो असलेलं पुस्तक द्यायची. त्यात इतिहास सगळ्यांत जास्त असायचा.

पण दुकान पर्यटकांसाठी काढलेलं नव्हतं. ओहायोतल्या विद्यापीठाच्या ग्रंथालयातली पक्की नोकरी सोडून ती परत आली, ती मोहल्ल्यातल्या म्हाताऱ्या बायकांसाठी. त्यांच्या घरोघरी चर्चच्या मंडळांनी छापलेली, प्लॅस्टिकच्या कड्यांत बांधलेली पाककृतींची पुस्तकं होती. जगात दुसरी प्रत नाही अशी. म्हातारी गेली की मुलं घर रिकामं करायची आणि पुस्तक कचऱ्याच्या पेटीत जायचं. कोरिंथियाच्या आईचं तसंच गेलं होतं. टाकणारी कोरिंथियाच होती. तेव्हा ती बावीस वर्षांची आणि फार शिकलेली होती.

दोन वर्षं या बायका दुकानावरून नुसत्या मान हलवून जात होत्या. ओहायोहून आलेल्या पोरीच्या हातात कोण काय देणार? मग मदर मॅगवुड यांनी आपला तवा दिला. मदर म्हणजे चर्चमधल्या सर्वांत वडीलधाऱ्या बाई. त्यांनी मान डोलावल्याशिवाय पाद्रीबुवासुद्धा प्रवचन लांबवत नसत. ठरलं असं होतं, की रविवारी प्रार्थनेनंतर मदर दुकानात येऊन तव्याची गोष्ट सांगतील आणि बाकीच्या बायका आपापली पुस्तकं घेऊन येतील. मदर आल्या नाहीत, तर कुणीच येणार नव्हतं. रविवारी नाही, आणि पुढे कधीच नाही.

कोरिंथियाने कार्ड उलटं करून ठेवलं. मग सरळ केलं. मग पुन्हा उलटं केलं.

२

मिस अर्नेस्टीन बोल्डन नेहमीच्या वेळी आल्या. त्या निवृत्त अधिकारी. उभी नोकरी जिल्ह्यातल्या हॉटेलांची स्वयंपाकघरं तपासण्यात गेलेली. अजूनही त्या कुठे शिरल्या की गल्ल्यावरचा माणूस नकळत फडका उचलायचा. रोज दुकानात येऊन त्या पाककृती वाचत, पण लोक खुनाच्या कादंबऱ्या वाचतात तशा. "तिसऱ्या पायरीला या माणसाने अंड्यांचं सारण बाहेर ठेवलंय," असं त्या मान न उचलता म्हणायच्या, "आणि पाचव्यात पाहुणे येतायत."

कोरिंथियाने त्यांना सगळं सांगितलं आणि कुणाला कळता कामा नये, असं तीनदा बजावलं. मिस अर्नेस्टीन घडवंचीपाशी वाकल्या. लोखंडी आडव्या पट्टीवर वाटाण्याएवढा पिवळट ठिपका होता. त्यांनी तो बोटावर घेतला, वास घेतला आणि रुमालाला पुसला.

"काय आहे?"

"न्याहारी," मिस अर्नेस्टीन म्हणाल्या.

बुधवारी काय झालं, ते त्यांना माहीत होतं, कारण अख्खा मोहल्लाच इथे होता. शेजारचे सलूनवाले मिस्टर टिलरी गेले. चर्चच्या सभागृहाची फरशी उखडलेली, म्हणून दफनानंतरचं जेवण कोरिंथियाच्या दुकानात झालं. लोकांनी इतिहासाच्या कपाटाला टेकून लाल भात खाल्ला. प्रत्येक बाई घरून एक भांडं भरून घेऊन आली होती. जेवणं झाल्यावर कोरिंथियाने भांडी घासली, मागच्या ओट्यावर उपडी घातली आणि सगळ्यांत शेवटी पुढे येऊन तव्याला शुभरात्र म्हटलं. म्हणजे बुधवारपर्यंत तवा होता.

गुरुवारी ती गावाबाहेरच्या एका शाळेत पुस्तकं मांडायला गेली होती. दुकान तिच्या ओडेसा मावशीने सांभाळलं. गुरुवारी दुकान अर्धा दिवसच असतं. मागच्या दाराची किल्ली आणखी एकाकडे होती, चर्चची वरकामं बघणारे डीकन प्रॉस्पर हॅझर्ड यांच्याकडे. पण डीकनकडे मोहल्ल्यातल्या सगळ्याच किल्ल्या होत्या. ज्यांच्या घरांत आता कुणी राहत नाही, त्यांच्याही.

तेवढ्यात ओडेसा मावशी मागच्या दाराने आली. रिकाम्या घडवंचीपाशी दोघींना पाहून ती आतल्या दारातच थबकली. मिस अर्नेस्टीन यांनी तिला विचारलं, काल दुकानात कोण कोण आलं होतं?

"मी त्याला हात लावलेला नाही," मावशी म्हणाली.

मग तिला प्रश्न आठवला आणि तिने उत्तर दिलं. पर्यटकांची एक बस आली होती, आणि तो ल्युशियस वेदरबी, तव्यासमोर बराच वेळ उभा होता. एवढं बोलून ती मागे गेली आणि घासलेली कॉफीची किटली पुन्हा घासू लागली.

ल्युशियसचं नाव ऐकताच कोरिंथियाच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तो तवा त्याने दोनदा मागितला होता. दुसऱ्यांदा मागताना तो म्हणाला होता, "अशी वस्तू काचेमागे ठेवणं हे पाप आहे. बघ, एक दिवस कुणीतरी तिला सोडवून नेईल."

३

ल्युशियस वेदरबीचं रेस्तराँ नदीकाठी होतं. न्यूयॉर्कहून शिकून आलेला माणूस. तिथे भेंडी एकेकटी वाढली जायची आणि प्रत्येक भेंडीबरोबर वेटर चार वाक्यं बोलायचा. मेनूवर पहिल्याच पानावर होतं, की इथला मक्याचा पाव शेफच्या पणजीच्या तव्यात भाजला जातो.

मिस अर्नेस्टीन आत शिरल्या आणि तीन आचाऱ्यांनी एकदम ओटा पुसायला घेतला.

ल्युशियस हसतमुखाने पुढे आला. मदर मॅगवुड यांच्या तव्याचं नाव निघताच हसू तसंच राहिलं, पण चेहऱ्यावरचं बाकी सगळं गेलं. हो, गुरुवारी आलो होतो, फक्त बघायला. नाही, हात लावला नाही. पणजीचा तवा दाखवायला काय हरकत आहे, असं मिस अर्नेस्टीन यांनी विचारलं, तेव्हा तो म्हणाला की तवा ओव्हनमध्ये आहे. ओव्हन बंद होता. मग म्हणाला की दुरुस्तीला दिलाय.

"बिडाचा तवा," मिस अर्नेस्टीन म्हणाल्या, "दुरुस्तीला."

ल्युशियसने दोघींना भांडारात नेलं, दार लावलं आणि फळीवरून एक तवा काढला. कोरिंथिया पुढे सरसावली. काळाभोर, लांब दांड्याचा, तेवढाच मोठा. मिस अर्नेस्टीन यांनी तो नाकाशी नेला.

"जवसाचं तेल. कारखान्यात मुरवलेला आहे."

"इंटरनेटवरून मागवला," ल्युशियस हळू आवाजात म्हणाला. "तयारच येतो. पणजी माझी शिकागोला होती, टेलिफोन कंपनीत. तिने आयुष्यात कधी पाव भाजला नाही. म्हणूनच तर मदरचा तवा बघायला येतो मी. खरा कसा दिसतो ते कळावं म्हणून." त्याने तवा परत फळीवर ठेवला. "हे बाहेर जायला नको, मिस अर्नेस्टीन. तुमच्या पाया पडतो."

बाहेर आल्यावर कोरिंथियाला त्याची कीव आली आणि स्वतःची जास्त आली. संशयित संपत चालले होते आणि रविवार जवळ येत होता.

४

उरले डीकन हॅझर्ड. त्यांना दुकानाचा राग होता आणि त्याचं कारण सगळ्या मोहल्ल्याला ठाऊक होतं. उद्घाटनाच्या दिवशी ते पुढच्या दाराने आत आले आणि नजरेसमोरच्या फळीवर त्यांना एक पुस्तक दिसलं, ज्यात मक्याच्या पावात साखर घातली होती. डीकन यांनी पुस्तक मिटलं, टोपी घातली आणि सांगितलं, की ज्या खोलीत हे पुस्तक आहे, त्या खोलीत मी पाऊल ठेवणार नाही. पावात साखर घालायची तर सरळ केक म्हणावं आणि चारचौघांत कबूल व्हावं. तेव्हापासून ते मागच्या गल्लीतून यायचे, काम करायचे आणि मागूनच जायचे. बुधवारचं जेवणसुद्धा त्यांनी मागच्या स्वयंपाकघरात उभ्याने घेतलं होतं.

शनिवारी सकाळी ते चर्चची गाडी धूत होते. त्यांना सरळ विचारलं, तर दुपारपर्यंत सगळ्या चर्चला कळलं असतं. म्हणून कोरिंथियाने आडून आडून विचारलं, काय डीकन, गुरुवारी दुकानाकडे सगळं ठीक होतं ना?

"न ठीक असायला काय झालं," डीकन म्हणाले. "दुपारी मागून गेलो, माझं काम केलं, कुलूप लावलं. तुझ्या त्या पुढच्या खोलीत डोकावलोसुद्धा नाही. ते पुस्तक आहे अजून?"

आहे, असं कोरिंथियाने कबूल केलं.

"मग प्रार्थना करतो तुझ्यासाठी," म्हणून त्यांनी पाण्याचा पाइप चाकाकडे वळवला.

ती दुकानात परतली तेव्हा फोन वाजत होता. मदर मॅगवुड यांची सून बोलत होती, ठेवणीतल्या आवाजात. मदर रविवारी येणार नाहीत. कारण विचारल्यावर ती म्हणाली, "झाल्या प्रकारावरून मदरना काय समजायचं ते समजलंय. कारण तुम्हीच तुमच्या मनाला विचारा."

कोरिंथियाने फोन ठेवला. मदरना कळलं होतं.

५

"कुणी सांगितलं त्यांना?" मिस अर्नेस्टीन यांनी विचारलं. त्यांनी पुस्तकात बोट घालून ते मिटलं, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

"आता काय फरक पडतो? संपलं सगळं. मी परत ओहायोला जाते."

"ओहायो कुठे पळून जात नाही. आधी मला उत्तर दे. तू सांगितलंस?"

"नाही."

"मी नाही. ल्युशियस?"

"तो कशाला बोलेल? त्याचंच गुपित आपल्या हातात आहे."

"डीकनना तू सांगितलंच नाहीस. ओडेसा कालपासून किटलीशिवाय कुणाशी बोललेली नाही. म्हणजे मदरना कुणीही सांगितलेलं नाही. तरी तवा या खिडकीत नाही, हे त्यांना माहीत आहे. न सांगता ही गोष्ट कुणाला कळेल?"

"चोराला."

"किंवा ज्याच्या घरी तवा आहे, त्याला." मिस अर्नेस्टीन यांनी मागच्या बाजूला तोंड केलं. "ओडेसा, इकडे ये जरा. तवा तू ओट्यावर कसा ठेवला होतास? उपडा ना?"

मागे किटली खाली पडली. ओडेसा मावशी फडक्याला हात पुसत दारात आली आणि एकदम रडू लागली.

तव्याला गंज चढला होता, ती म्हणाली. दांड्याच्या मुळाशी, तांबडा, नखाएवढा. खिडकीत, जाणारा-येणारा बघेल असा. "माझ्या बहिणीच्या लेकीच्या दुकानात मदरच्या तव्याला गंज? लोक मला तोंडावर बोलले असते. तू सांगितलेलं, हात लावायचा नाही. म्हणून तू नसताना गंज घासून काढला, माझ्या डब्यातली न्याहारीच्या बेकनची चरबी चोळली आणि जास्तीची निथळायला ओट्यावर उपडा घातला. चरबी मुरली की शुक्रवारी तू यायच्या आत जागेवर ठेवणार होते. तर तूच आधी आलीस, आणि ओटाही रिकामा. चोर माझ्यामुळेच शिरला म्हटलं. काय तोंडाने सांगू?"

"चरबी चोळून तवा उचलताना एक थेंब घडवंचीवर सांडला," मिस अर्नेस्टीन म्हणाल्या. "हाताला लागलेला. बेकनचा वास मला झोपेतही ओळखू येतो. पण तो गंज दिसल्यावर तू जे केलंस, ते बरोबरच होतं. चुकलं ते पुढचं." त्या कोरिंथियाकडे वळल्या. "घराबाहेर जाणाऱ्या भांड्याच्या बुडाला आपल्या बायका काय करतात?"

कोरिंथियाला उत्तर द्यावं लागलंच नाही. तिला ते दिसलं. तवा दिला त्या दिवशी त्याच्या बुडावर पांढरी चिकटपट्टी होती आणि तिच्यावर मदरच्या अक्षरात नाव. मयताच्या जेवणाला भांडं दिलं, की नाव लिहून पट्टी लावायची, म्हणजे ते घरी परत येतं. मदरनी सवयीने तव्यालाही लावली होती आणि ती काढायची कोरिंथियाची छाती झाली नव्हती.

"बुधवारची भांडी ओट्यावर उपडी, नावं वर," मिस अर्नेस्टीन म्हणाल्या. "त्यांच्या रांगेत तवा उपडा, नाव वर. डीकनचं गुरुवारचं काम कुठलं? भांडी ज्याची त्याला पोचवणं. ओटा रिकामा दिसला म्हणून तूच तर खूश झालीस. आणि तो तवा खिडकीतला आहे हे ओळखायला डीकननी पुढची खोली बघायला हवी होती."

"साखर," कोरिंथिया म्हणाली.

"साखर."

त्यांनी डीकनना फोन लावला आणि या वेळी सरळ विचारलं. हो, ते म्हणाले, मदरची दोन होती. एक मॅकरोनीचं आणि एक तवा. तव्यातून बुधवारी त्यांनी काय आणलं होतं, तेवढं मात्र मला आठवेना.

६

मदर मॅगवुड यांच्या अंगणात तळलेल्या मासळीचा वास येत होता. सुनेने दार उघडलं, पण आत या म्हणाली नाही. मदरनी आतूनच आवाज दिला, येऊ दे.

तवा चुलीवर होता आणि त्यात मासे होते.

मदर वळल्या नाहीत. म्हणाल्या, "मी माझा तवा तुझ्या हातात दिला. तू तो मॅकरोनीच्या भांड्यासोबत डीकनच्या हाती परत पाठवलास. ना एक शब्द, ना केकचा तुकडा. अगं, नको होता तर तोंडाने सांगायचंस. मी काय खाल्लं असतं तुला?"

कोरिंथियाने सांगायला सुरुवात केली आणि मध्येच तिला रडू आलं, म्हणून उरलेलं मिस अर्नेस्टीन यांनी सांगितलं, अहवाल वाचावा तसं. गंज, चरबी, उपडी भांडी, पट्टी, साखर. ऐकता ऐकता मदरचे खांदे हलू लागले. त्या रडताहेत असं वाटून कोरिंथिया आणखी घाबरली. मग त्यांनी झारा खाली ठेवला आणि डोळे पुसले, आणि त्या हसत होत्या.

"प्रॉस्परला सांग, साखर माझी आईसुद्धा घालायची," त्या म्हणाल्या. "नको, राहू दे. त्याला झेपायचं नाही. बसा. मासे गार होतायत."

रविवारी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. मदरनी तव्याची गोष्ट सांगितली: आजीने तो डोक्यावर घेऊन बेटावरून होडीने कसा आणला, वादळात छप्पर गेलं तरी चूल कशी विझली नाही. बायका हुंकार देत होत्या. ल्युशियस शेवटच्या रांगेत बसून डोळे टिपत होता. डीकन मागच्या दारात उभे राहून ऐकत होते. नियमाप्रमाणे ते मागच्याच खोलीत होते. मग एकेक पिशवी उघडली आणि टेबलावर पुस्तकं आली. कड्या तुटलेली, पानांवर लोण्याचे डाग पडलेली, समासात कुणाकुणाच्या हाताने मीठ वाढवलेली. एक पुस्तक कोरिंथियाच्या आईच्या मंडळाचं होतं. ती ते उघडू शकली नाही. नुसता हात ठेवून उभी राहिली.

सगळे गेल्यावर ती तवा पुसून घडवंचीवर ठेवायला लागली. मासळीच्या तेलाने पट्टी सुटली होती. नवीन लावावी म्हणून तिने जुनी ओढून काढली. खाली बिडात ओतलेली उठावाची अक्षरं होती. तिने ती दोनदा वाचली. मेड इन तैवान.

मदर खुर्चीत बसून उरलेली रताळ्याची गोड पाई खात होत्या. कोरिंथियाने तवा तसाच त्यांच्यापुढे धरला.

"हा होय," मदर म्हणाल्या. "आजीचा एका मयताच्या जेवणाला गेला, तो आलाच नाही. कुणाच्या घरी गेला देव जाणे. तेव्हापासून मी पट्टी लावते. हा रस्त्यावर मांडलेल्या जुन्या सामानातून घेतला."

"पण तुम्ही आत्ता म्हणालात..."

"तू आजीच्या तव्याची गोष्ट विचारलीस. मी आजीच्या तव्याची सांगितली."

कोरिंथियाने कार्डाकडे पाहिलं. चार पिढ्या, दोन महायुद्धं, वादळं. तिने मनातल्या मनात एकेक ओळ खोडली. साबणाच्या ओळीपाशी तिला थोडा धीर आला.

"याला साबण तरी लागलेला नाही ना, मदर?"

मदरनी काटा चाटून बशीत ठेवला.

"साबण मी कशाला लावू," त्या म्हणाल्या. "नातवाने भांडी धुवायचं यंत्र घेऊन दिलंय. त्यातच टाकते."